यादीखालचं ‘जमतं’

तांबट आळीच्या तोंडाशी कॉम्प्युटरचं दुकान टाकणारा माणूस एक तर बहिरा असणार नाही तर अडाणी, असं कसबा पेठेचं मत होतं, आणि ते माझ्या तोंडावर बोलून दाखवण्यात कुणी कसूर केली नाही. मला जागा मिळाली तिथे मी बसलो, एवढंच. दहा बाय आठचा गाळा, मागे मोरी, आणि सकाळी नऊपासून चारी बाजूंनी तांब्यावर पडणाऱ्या हातोड्या. फोनवर बोलायचं तर मी समोरच्या इमारतीच्या जिन्यात जाऊन बोलायचो.

पण माझ्या धंद्याला रोज पाच मिनिटं शांतता लागायची. नवीन जोडलेलं मशिन पहिल्यांदा चालू केलं की आतून एक बारीक बीप येते. एकच आली, तर आतल्या सगळ्या भागांचं एकमेकांशी पटलं. दोन-तीन आल्या किंवा एक लांबलचक आली, तर कुणाचं तरी बिनसलंय. हातोड्यांत ती ऐकू येणं शक्य नव्हतं. तांबट एक वाजता जेवायला उठायचे. तेव्हा सगळं पुणं दुकानं बंद करून झोपायला निघालेलं असताना माझ्याकडची मशिनं सुरू व्हायची. गिऱ्हाइकांना मी तीच वेळ द्यायचो. बारशाला जमल्यासारखी माणसं काउंटरला टेकून उभी असायची, मी बटण दाबायचो, आणि ती एकच बीप आली की आपल्यालाच पास केल्यासारखे त्यांचे चेहरे व्हायचे.

आता धंदा काय ते सांगतो, कारण माझ्या मेव्हण्याला तो अजून कळलेला नाही. गेमिंगचा कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीसारखी एक वस्तू नव्हे. सात-आठ सुटे भाग, सात-आठ कंपन्यांचे. मदरबोर्ड ही बैठक, तिच्यावर बाकीचे बसतात. प्रोसेसरच्या पिना तिच्या खोबणीत बसल्या पाहिजेत. मेमरीच्या पट्टीला एक खाच असते, ती बोर्डावरच्या उंचवट्याशी जुळली पाहिजे. चित्रं काढतं ते ग्राफिक्स कार्ड, त्याची जागा वेगळी. सगळ्यांना पुरेल एवढी वीज देणारा एक डबा लागतो, आणि त्याच्यावर छापलेला आकडा बहुतेक वेळा खोटा असतो. शेवटी हे सगळं ज्यात मावायचं ते कॅबिनेट. यातला एक भाग बदलला की दुसरा रुसतो. दर दीड-दोन वर्षांनी कंपन्या खाचा आणि खोबण्या बदलणार, म्हणजे कालचं आजच्याला लागत नाही.

हे सगळं पाठ असणं हीच माझी विद्या. बाजारात बाहेरचा माल खुला झाला तेव्हा मी डिप्लोमा करून टीव्ही दुरुस्त करत होतो. वडील फिटर. आमच्या घरात दुकान टाकणारा मी पहिला. सुरुवातीला पेठेतली जुनी माणसं पायरीवर यायची, फळीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे बघायची, पाटीवरचं कांबळे नाव वाचायची आणि मला विचारायची, “मालक कुठे आहेत?” मी म्हणायचो, “जेवायला गेलेत. तोवर मी मालक आहे.” हसून दिवस काढले, पण लागायचं. म्हणून मी एक पद्धत पाडली. गिऱ्हाइकाला भागांची यादी हाताने लिहून द्यायची, आणि सगळं तपासून झालं की खाली ‘जमतं’ असं लिहून सही करायची. सही केली की जबाबदारी माझी. मशिन बिघडलं तर ती यादी घेऊन कुणीही यावं. पाच-सहा वर्षांत अशी वेळ आली की दुसऱ्या दुकानात माल घेणारेसुद्धा आधी माझ्याकडून ‘जमतं’ लिहून न्यायचे. मी देत होतो. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

दुसरी सवय खोडण्याची. लोक पेपरात नाही तर भाच्याकडे बघून नको तेवढी महागडी यादी आणायचे आणि मी लाल पेनाने ती निम्मी करायचो. गरजेपेक्षा जास्त विकायचं नाही, हा माझा बाणा. त्यावर टोमणा फुकट.

दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा. दोन आहेत. आयटीतला एक तरुण परस्पर कुठून तरी हातभर लांबीचं कार्ड घेऊन आला आणि ते कॅबिनेटात मावेना. “सर, काहीतरी जुगाड करा ना प्लीज,” म्हणाला. मी त्याला शेजारच्या तांबटाकडे पाठवलं. त्या बाबाने आयुष्यभर घंगाळी घडवलेली. त्याने आतला पत्र्याचा पिंजरा कात्रीने कापला, कडा ठोकून गोल केल्या, आणि वर विचारलं, “कल्हई करायची का?” ते मशिन पुढे सहा वर्षं चाललं.

दुसरे मांजरी गावचे. पंचेचाळिशीचे असतील. उसाच्या रानात इमारती उठल्या, हातात पैसा आला. यादीत सगळं सगळ्यात मोठं. मी विचारलं, “कोण खेळणार?”

“मीच की. मला रेसची गाडी चालवायची हाय. खरी घेतली तर बायको घरात घ्यायची नाय.”

मी त्यांची निम्मी यादी खोडली. ते खूश झाले. पुढच्या वर्षी गुळाची ढेप घेऊन आले, म्हणाले, “कांबळे, अजून एकबी गाडी ठोकली नाय.” अशा माणसांनी मला बिघडवलं असं आता वाटतं. खोडलेलं नेहमी बरोबरच असतं अशी माझी समजूत झाली.

तिसरी गोष्ट गंमत नाही. ती सांगायची म्हणूनच मी लिहायला बसलोय.

पानसे काका पाटबंधारे खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले. आमच्या दुकानापासून चार गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर राहायचे. पत्नी वारलेल्या. एकुलता एक मुलगा निखिल, अमेरिकेत. एका सोमवारी ते आलेखाच्या कागदावर भागांची यादी घेऊन आले. अक्षरं छापल्यासारखी, प्रत्येक भागापुढे एक चौकट, टिक करायला.

“निखिलने मेलवर कळवलंय, ते मी उतरवून आणलंय,” म्हणाले. “त्याचा एक खेळ आहे, लढाईचा. रविवारी सकाळी आठ वाजता, म्हणजे तिकडे शनिवारची रात्र, तो आणि त्याचे मित्र खेळतात. मला म्हणाला, बाबा, तुम्हीही या.”

“आणि तुम्ही जाणार?”

“जाईन म्हणतो.”

एवढंच सांगितलं त्यांनी. त्या वाक्यामागे काय होतं ते मला पुढे कळलं, पण वाचकांना आधीच सांगतो. आई गेली तेव्हा निखिल दोन दिवस उशिरा पोचला होता. विमानतळावरून थेट घरी, हातात बॅग. पानसे काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, “आता काय राहिलंय बघायला?” त्यानंतर बापलेकांत महिन्याला एक फोन. तिकडे थंडी आहे का, इकडे पाणी येतं का. तीन वर्षं असं चाललं आणि मग मुलाने ही मेल पाठवली. काकांना कॉम्प्युटर नको होता. त्यांना तेवढ्या एका रविवारच्या वाटेने मुलाकडे परत जायचं होतं.

मी यादी वाचली आणि लाल पेन काढलं. कार्ड एकदम नवं, त्याला लागणारी खाचही नवी, म्हणून बोर्ड नवा, म्हणून मेमरी नवी. सदुसष्ट वर्षांचा माणूस दोन रविवार खेळेल आणि मग त्यावर कापडी आवरण चढेल, असं मी मनात ठरवून टाकलं. कार्ड खोडलं, जुन्या खाचेचं लिहिलं. बोर्ड खोडला. मेमरी खोडली.

काका म्हणाले, “पण निखिलने तेच कार्ड हवं असं लिहिलं होतं.”

“काका, निखिल डॉलरमध्ये लिहितो. आपण रुपयात वाचायचं.”

दुकानातली चार माणसं हसली. काकाही हसले. “आपण म्हणता तर,” म्हणाले. मी खाली ‘जमतं’ लिहून सही केली.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी बायकोलाही सांगितलेली नाही. जुन्या खाचेचा एक बोर्ड माझ्याकडे वर्षभर पडून होता. तो आता कुणी घेतला नसता. काकांचे पैसे वाचवायचे होते हे खरं आणि तो बोर्ड काढायचा होता हेही खरं. कुठलं जास्त खरं, ते मी आजही सांगू शकत नाही.

गुरुवारी एक वाजता एकच बीप आली. सगळे भाग एकमेकांशी अगदी गोडीने बसले होते. काकांनी खिशातून पेन्सिल काढून यादीतल्या शेवटच्या चौकटीत टिक केली.

पुढच्या सोमवारी ते पायरीवर उभे. “कांबळे, खेळ सुरू होत नाही. पडदा काळा होतो आणि परत पहिल्या जागी येतो. माझंच काहीतरी चुकत असणार.” मी एक सीडी दिली, ही टाका म्हणालो. त्यापुढच्या सोमवारी पुन्हा आले. मी म्हणालो, इंटरनेट हळू असेल. तिसऱ्यांदा आले तेव्हा दिवाळी तोंडावर होती, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी काउंटरवरूनच म्हणालो, “पानसे काका, दिवाळी होऊ द्या. तोवर पत्ते खेळा, त्यात असतात.”

लोक हसले. काका मान हलवून गेले. त्यांनी एकदाही आवाज चढवला नाही. यादी त्यांच्या खिशात होती, माझी सही होती तिच्यावर. ती काढून समोर आपटली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या खेपेलाच मला शंका आली होती. नव्या खेळांना कार्डाकडून एक नवी करामत लागायला लागली होती, जुन्या कार्डांना ती येतच नव्हती. खेळ हळू चालेल असं नाही, सुरूच व्हायचा नाही. खेळाच्या खोक्याच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचायला मला दोन मिनिटं लागली असती. पण वाचलं असतं तर मान्य करावं लागलं असतं, म्हणून मी वाचलं नाही. असे सहा आठवडे गेले.

दिवाळीनंतर मी एकदाचा त्यांच्या घरी गेलो. खोली स्वच्छ, टेबलावर मॉनिटर, समोर कीबोर्ड. भिंतीवर आलेखाचा कागद डकवलेला. त्यावर काकांनी कीबोर्डचं चित्र काढलं होतं, मापात. डाव्या हाताची तीन बोटं कुठे ठेवायची तिथे लाल वर्तुळं. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. बाजूला त्याच छापील अक्षरात सूचना, निखिलच्या मेलमधून उतरवलेल्या. उडी कशी मारायची, दार कसं उघडायचं. सगळ्यात खाली लिहिलं होतं, ‘निखिलच्या मागे राहणे. एकट्याने पुढे जाऊ नये.’

“रोज तासभर सराव करतो,” काका म्हणाले. “खेळ सुरू झाल्यावर गोंधळ नको व्हायला.”

बंद स्क्रीनसमोर बसून हा माणूस सहा आठवडे बोटांचा सराव करत होता. मी खोक्याची मागची बाजू वाचली. मग खुर्चीवर बसलो. काकांनी चहा केला आणि चहा पिताना दारातल्या त्या वाक्याची हकीगत सांगितली. “मी बोललो तेव्हा त्याच्या खांद्यावरची बॅगसुद्धा उतरलेली नव्हती,” म्हणाले.

“काका, चूक माझी आहे,” मी म्हणालो. “कार्ड मी बदललं. तुमचं काही चुकत नव्हतं.”

“मग बरं झालं,” काका म्हणाले. “मला वाटलं, माझं वय झालं.”

मशिन मी त्याच दिवशी उचललं. मुंबईहून भाग मागवले, स्वारगेटला एसटीचं पार्सल सोडवून घेतलं. निखिलची यादी जशीच्या तशी, एक अक्षर न बदलता. शनिवारी एक वाजता एक बीप आली, पण या वेळी मला तिचं काही वाटलं नाही. रविवारी पावणेआठला मी त्यांच्याकडे मशिन लावून दिलं. खेळ सुरू झाला. काय चित्र होतं! काकांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

आठ वाजले. स्क्रीनच्या कडेला खेळणाऱ्यांची नावं येत होती, निखिलचं नव्हतं. काकांचा सैनिक एका पडक्या भिंतीशी उभा राहिला. बाकीचे धावत होते, मरत होते, पुन्हा जिवंत होऊन धावत होते. कुणीतरी इंग्रजीत शिवी लिहिली.

“नूब म्हणजे काय हो?” काकांनी विचारलं.

“नवीन माणूस.”

“बरोबर आहे त्याचं.” आणि ते तिथेच उभे राहिले, कारण एकट्याने पुढे जायचं नव्हतं.

पावणेनऊला त्यांनी फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. “झाला सुरू… हो, आजच… असं का… नाही नाही, हरकत नाही… नाही रे, खरंच बिघडला होता.” मग बराच वेळ नुसतं ऐकत होते. फोन ठेवून म्हणाले, “ते लोक आता हा खेळत नाहीत. दुसरा आलाय. आणि त्याला आता शनिवारी काम असतं.” चष्मा काढून ठेवत म्हणाले, “त्याला वाटलं, मी टाळतोय.”

मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. “द्या इकडे फोन, मी सांगतो त्याला” एवढं म्हणायचं होतं. मी चहाचा कप मोरीत ठेवला आणि निघालो. आयुष्यात मी अनेक चुकीचे भाग परत घेतले आहेत, बदलून दिले आहेत. ती सकाळ कुणी बदलून दिली असती तर मी दुकान विकून ती घेतली असती.

तीन वर्षांनी काका वारले. झोपेत गेले, शेजाऱ्यांना सकाळी कळलं. आठवड्याभराने दुपारी एकच्या सुमाराला एक मनुष्य ते कॅबिनेट दोन्ही हातांत धरून पायरीवर उभा राहिला. हनुवटी काकांचीच होती.

“तुम्ही कांबळे ना? मी निखिल पानसे. आतल्या झाकणावर तुमची यादी चिकटवलेली आहे. हे विकत घ्याल का?”

मी झाकण काढलं. आत धुळीचा कण नव्हता. आलेखाचा कागद, माझ्या लाल पेनाच्या रेघा, खाली ‘जमतं’ आणि सही. आळीत जेवणाची सुट्टी झाली होती. मी वायर लावली, बटण दाबलं. एक बीप आली. तो उभ्या उभ्या स्क्रीनकडे बघत होता. खेळाच्या फोल्डरमध्ये तारखा होत्या. त्याने मोबाइलमधलं कॅलेंडर काढून ताडून बघितल्या. सगळे रविवार. शेवटचा, ते गेले त्याच्या चार दिवस आधीचा.

“मी त्यांना सांगितलं होतं की आम्ही तो बंद केला.”

“हो. मला माहीत आहे.”

“मग कशाला लावायचे?”

“एकदा मीही विचारलं होतं,” मी म्हणालो. “म्हणाले, तो दारात आला होता तेव्हा मी नको ते बोललो. आता समजा तो आला आणि मीच तिथे नसलो, तर?”

तो काउंटरला टेकला. मग मी त्याला सगळं सांगितलं. यादीतलं कार्ड कुणी खोडलं, सहा आठवडे कुणी टोलवलं, तो पडून असलेला बोर्डसुद्धा. तुमचे वडील टाळत नव्हते, मी टाळत होतो, असं सरळ सांगितलं. बोर्डाचं सांगितलं असा तो पहिलाच माणूस. तीन वर्षं वाट पाहून मग सांगितलं, आणि ज्यांना सांगायचं ते तिथे नव्हते.

मला वाटलं, आता निखिल मला बोलेल काहीतरी, बोलावंही. तो म्हणाला, “त्यांनी मला फोन केला तेव्हा तुम्ही तिथेच होतात. तेव्हा का नाही सांगितलंत?”

“लाज वाटली,” मी म्हणालो.

समोरचा तांबट जेवून परत आला, हातोडी शोधू लागला. निखिलने वायर काढली, झाकण लावलं, स्क्रू हातानेच पिळले.

“मलाही वाटायची,” तो म्हणाला. “परत फोन करायची.”

मग विकायला आणलेलं ते मशिन त्याने उचललं आणि घरी घेऊन गेला.

त्यानंतर आणखी आठ वर्षं मी दुकान चालवलं. याद्या लिहिल्या, सह्या केल्या. यादीच्या वर एक नवी ओळ घालायला लागलो, ‘कुणासाठी आणि कशासाठी’, आणि ती भरल्याशिवाय पेन उचलत नव्हतो. गिऱ्हाइकं वैतागायची. म्हणायची, कांबळे, पासपोर्ट काढताय की कॉम्प्युटर? मी म्हणायचो, बसा, दोन मिनिटं लागतील.